वास्तू ‘तथास्तु’ म्हणते का?

पत्राचा सारांश : लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला खाली टॉवेलचे सहा माग आणि वर घर. घरात सासूबाई, नवरा, धाकटा दीर आणि दहा वर्षांची मुलगी. मागच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी त्या सासऱ्यांना सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “मामा, अशा दोन-दोन पाळ्या उभं राहिलात तर एक दिवस मागापाशीच पडाल.” दहाव्या दिवशी सासरे मागापाशीच पडले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. तेराव्याला आलेल्या बायकांपुढं सासूबाई म्हणाल्या, “काळ्या जिभेची आहे. वास्तू तथास्तु म्हणते हे कळायला नको?” त्यानंतर या ताई घरात बोलायच्या कमी झाल्या. पुढं मोबाइलवर एका ‘सरां’चा कोर्स सापडला : विचारांनी वास्तव घडवा, क्वांटम फिजिक्सनं सिद्ध केलंय. पहिल्या लेव्हलचे २,९९९ रुपये भरले, बरं वाटलं. भाताच्या दोन बाटल्यांचा प्रयोगही केला : एकीवर चांगला शब्द लिहायचा, दुसरीवर वाईट. ‘वाईट’ शब्द लिहिलेल्या बाटलीला आधी बुरशी आली. मग भीती बसली की विचारानं भात नासतो, तर माणूसही जात असेल. आता वाईट विचार आला की त्या ‘कॅन्सल, कॅन्सल’ म्हणतात, दिवसातून किती वेळा ते मोजणं सोडलंय. पुढच्या लेव्हलचे ३८,००० रुपये आहेत. बी.एस्सी. झालेला दीर ‘थोतांड’ म्हणून हसतो. त्यांचा प्रश्न असा : विचारानं बाहेरचं जग बदलतं का? बदलत असेल तर मामांना मीच मारलं. बदलत नसेल तर कोर्सनं दिलेला आधारही खोटाच.

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, सहीच्या वर, घाईत लिहिलंय. आत्यांचे, म्हणजे तुमच्या सासूबाईंचे, पाय महिनाभर संध्याकाळी सुजतात, रात्री त्यांना दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, आणि ‘बोलले तर खरं व्हायचं’ म्हणून तुम्ही हे कुणालाच सांगितलेलं नाही. माझं बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या. पाय सुजण्याची कारणं पुष्कळ असतात, अगदी साधीही असतात. पण पायाला सूज आणि आडवं झाल्यावर धाप अशी जोडी दिसली की हृदय, मूत्रपिंड, बीपी बघून घ्यायचं असतं. त्यांच्यापाशी विषय कसा काढायचा, त्याबद्दल शेवटी लिहिते.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही हो की नाही असं विचारलंत, म्हणून आधी तेवढंच देते : नाही. मामा तुमच्या वाक्यानं गेले नाहीत. जीभ, हात, मज्जातंतू यांतलं काहीच मध्ये न घेता नुसत्या विचारानं बाहेरची वस्तू किंवा दुसऱ्याचं शरीर बदलतं, हे लोकांनी नव्वद वर्षं प्रयोगशाळेत तपासून पाहिलंय, आणि पुन्हा पुन्हा तपासल्यावर टिकेल असा पुरावा हाती लागलेला नाही. पण कागदावरचं ‘नाही’ वाचून पोटातला गोळा हलत नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून जरा सावकाश जाऊ.

ही भीती तुमच्या एकटीची नाही, ती आपल्या बोलण्यातच मुरलेली आहे. आपण घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. बांगडी फुटत नाही, ‘वाढते’. डब्यातलं मीठ संपलं असं माझी आजी कधी म्हणाली नाही. कुणी वेडंवाकडं बोललं की ‘शुभ बोल नाऱ्या’ तयारच. मीसुद्धा ‘येते’च म्हणते, आणि म्हणत राहणार. पण ‘येते’ म्हटल्यानं रस्त्यावरचा ट्रक थांबतो म्हणून नव्हे. दारात उभ्या असलेल्या माणसाला त्या शब्दानं बरं वाटतं म्हणून. मायेपोटी पाळायची ही रीत आहे. गडबड होते ती तिला यंत्राचा नियम समजलं की. मग जो शब्द दारात माया दाखवायला होता, तोच तेराव्याला आरोप होऊन उभा राहतो.

आणि वास्तू खरोखर तथास्तु म्हणत असती तर आपल्या आयांनी काय हाहाकार उडवला असता, याचा विचार करा. ‘पळू नको, पडशील.’ ‘गच्चीवर वाकू नको, डोकं फुटेल.’ ‘अभ्यास कर, नाहीतर नापास होशील.’ तुमच्या लेकीला आजवर हे किती वेळा म्हणालात? वास्तूनं त्यातलं दहावा हिस्सा जरी मनावर घेतलं असतं तरी सोलापुरात धड गुडघ्यांचं एक पोर उरलं नसतं. चांगल्या बाजूनंही तेच. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती साडेनऊ लाखांच्या घरात होती. नळाला रोज पाणी यावं ही इच्छा एवढी माणसं एकदम, मनापासून आणि वर्षानुवर्षं धरून आहेत. इतकी एकाग्र सामूहिक इच्छा कुठल्या शिबिरात मिळणार नाही. पाणी मात्र उजनीवरून जलवाहिनीतून येतं तेवढंच येतं.

तरीही तुमचं एक वाक्य खरं ठरलं, आणि हजार वाक्यं खरी ठरली नाहीत ती तुम्हाला आठवत नाहीत. असं का होतं, ते मी आमच्या घरात पाहिलंय. आमची थोडी शेती मंगळवेढ्याकडं. एका दुष्काळी वर्षी वडिलांनी पाणाड्या आणला. त्यानं तळहातावर नारळ आडवा ठेवला, बांधाबांधानं फिरला, एका जागी नारळ उभा राहिला. बोअर घेतली, पाणी लागलं. ही गोष्ट आमच्याकडं प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जाते. त्याच माणसानं नंतर आणखी दोन जागा दाखवल्या. दोन्हीत धुरळाच निघाला. त्या भोकांवर दगड ठेवले, आणि त्यांची गोष्ट काही कुणी सांगत नाही. कोरड्या बोअरवर दगडच ठेवतात.

पाणाड्या लबाड होता असं मी म्हणत नाही. नारळ खरंच उभा राहत होता. मायकेल फॅरेडेनं १८५३ मध्ये असाच एक प्रकार तपासला होता. तेव्हा इंग्लंडात लोक टेबलाभोवती हात टेकून बसायचे आणि टेबल आपोआप सरकायचं. आत्मे सरकवतात असा समज होता. फॅरेडेनं हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर सैलसर चिकटवून ठेवले. टेबल ओढत असेल तर खालचे थर आधी सरकायला हवेत. सरकले वरचे. हात आधी, टेबल मागून. बसलेली माणसं प्रामाणिक होती, आपण ढकलतोय हे त्यांना कळतच नव्हतं. मनानं टेबल हलवलं हे खरंच होतं, फक्त हातांमार्फत. ही ‘मार्फत’ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तुमच्या दिराला एक सांगा : तो नुसता हसतो, पण काही शास्त्रज्ञ हसले नाहीत. त्यांनी वेळ, पैसा, नाव सगळं पणाला लावून हे तपासलं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाईन यांनी १९३० च्या दशकात इच्छेनं फासे पाडता येतात का ते पाहायला सुरुवात केली. पुढं १९७९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट जान यांनी एक प्रयोगशाळा उघडली. ते साधेसुधे गृहस्थ नव्हते, तिथल्या अभियांत्रिकी शाखेचे डीन होते. त्यांच्या यंत्रातून नाणं उडवावं तसे शून्य आणि एक यादृच्छिक पडायचे. माणूस समोर बसून इच्छा करायचा : आता एक जास्त पडू देत, आता कमी पडू देत. असं जवळजवळ २८ वर्षं चाललं, लाखो फेऱ्या झाल्या. त्यांचा दावा काय होता माहीत आहे? दहा हजारांत जेमतेम दोन-चारांचा फरक. डोंगर हलणं, रोग बरा होणं, ऑर्डरी येणं यातलं काही नाही. दहा हजार नाण्यांत दोन-चार.

तो इवलासा फरक तरी खरा का, हे बघायला त्यांनीच जर्मनीतल्या फ्रायबुर्ग आणि गिसेन इथल्या दोन गटांना सोबत घेऊन पुन्हा प्रयोग केला. निकाल २००० मध्ये आला. मुख्य परिणाम तिन्ही ठिकाणी दिसला नाही, खुद्द प्रिन्स्टनमध्येही नाही. जान यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो इथं, कारण त्यांनी तो निकाल छापला. २००७ मध्ये प्रयोगशाळा बंद झाली. त्याच्या आदल्या वर्षी काही संशोधकांनी अशा प्रकारचे ३८० अभ्यास एकत्र मांडले. छोट्या अभ्यासांत परिणाम मोठा दिसत होता, आणि अभ्यास जितका मोठा तितका परिणाम विरत गेला होता. त्यांनी काढलेलं कारण आपल्या ओळखीचं आहे. ज्या छोट्या प्रयोगात काही सापडलं तो छापला जातो, बाकीचे कपाटात राहतात. कोरड्या बोअरवर दगड.

आता सरांचं ‘क्वांटम’. त्यांनी तुम्हाला दोन फटींचा प्रयोग दाखवला असेल. इलेक्ट्रॉन एकेक करून दोन फटींच्या पडद्यावर सोडले तर पलीकडं लाटांसारखे पट्टे उमटतात. कोणत्या फटीतून गेला ते बघायला उपकरण बसवलं की पट्टे नाहीसे होतात. हे शंभर टक्के खरं आहे. त्यापुढं सर म्हणतात, ‘म्हणजे तुम्ही बघता म्हणून वास्तव बदलतं.’ इथं पाय घसरतो. भौतिकशास्त्रातलं ‘बघणं’ म्हणजे डोळ्यांनी न्याहाळणं नव्हे, कशाशी तरी त्या कणाची प्रत्यक्ष गाठ पडून तो कुठून गेला याची खूण बाहेर उमटणं. शितावरून भाताची परीक्षा करताना ते शीत चिरडतंच की. चिरडलं ते बोटानं. तुमच्या मनात भात शिजलेला असावा असं होतं की नव्हतं, त्याचा त्या शिताशी काही संबंध नाही.

व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००४ मध्ये हेच फार सुंदर दाखवलं. कार्बनचे ७० अणू असलेले रेणू त्यांनी अशाच फटींमधून सोडले आणि आधी ते तापवत नेले. तापलेला रेणू प्रकाश सोडतो, आणि तो प्रकाश रेणू कुठं आहे याची खबर आजूबाजूला पोचवतो. ताप वाढत गेला तसे पट्टे पुसट होत गेले. तो प्रकाश टिपायला कुणी माणूस तिथं बसलेला नव्हता. रेणू फक्त गरम होता. हां, चेतनेचा संबंध असावा असं मोठ्या माणसांनाही वाटलेलं आहे. भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये तसं मांडलं होतं, नंतर ते स्वतःच त्या मतापासून दूर गेले. मोजमापाच्या क्षणी नेमकं काय होतं यावर भौतिकशास्त्रज्ञ आजही भांडतात, आणि चेतना म्हणजे काय हेही कुणाला पुरतं उलगडलेलं नाही. हे झाकण्यात अर्थ नाही. पण विग्नर यांचं मूळ म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं तरी सरांचा कोर्स उभा राहत नाही. कारण त्यातही बघणारा काय दिसावं ते ठरवू शकत नाही. इलेक्ट्रॉन डावीकडूनच जावा असं मनात धरून त्याला डावीकडं नेणं कुणालाही जमलेलं नाही. मग टॉवेलची ऑर्डर कशी वळणार?

आणि भाताच्या बाटल्या. तुम्ही लिहिलंय, ‘डोळ्यांनी पाहिलं, ते कसं खोटं मानू?’ खोटं मानू नका. ‘वाईट’ बाटलीला आधी बुरशी आली हे खरंच घडलं. पण बाटल्या दोनच होत्या, त्यातल्या एकीला आधी बुरशी येणारच होती. म्हणजे हा निकाल छापा-काट्याइतकाच. मसारू इमोटो या जपानी गृहस्थांनी ही कल्पना जगभर नेली. तुमच्यासारख्या हजारो घरांत दोन-दोन बाटल्या ठेवल्या गेल्या. ज्यांच्या ‘चांगल्या’ बाटलीला आधी बुरशी आली त्यांनी फोटो टाकले नाहीत. पुन्हा दगडच.

मला वाटतं हा प्रयोग तुम्ही नीट करावा, आणि त्यात दिराला घ्यावं. हसणाऱ्या माणसाला काम दिलं की तो बरा वागतो. भाताऐवजी ज्वारीची भाकरी घ्या, एकाच भाकरीचे दहा सारखे तुकडे, दहा सारख्या बाटल्या, प्रत्येकीत एक चमचा पाणी. बाटल्यांना एक ते दहा आकडे. कोणत्या पाच चांगल्या आणि कोणत्या पाच वाईट ते लेकीनं चिठ्ठ्या टाकून ठरवावं आणि फक्त तुम्हालाच सांगावं. शब्द चिकटवायचे नाहीत, तुम्ही मनात म्हणायचे, दोन हात लांब उभं राहून. हात कुणी लावायचा नाही. बुरशी किती आली त्याचे गुण दिरानं द्यायचे, त्याला यादी ठाऊक नसताना. किती फरक पडला तर ‘जिंकलं’ म्हणायचं ते पहिल्या दिवशी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या. ही शेवटची अट फार महत्त्वाची. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ज्योतिषाची चाचणी घेतली ती याच शिस्तीनं : २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या, कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची ते ओळखायचं. सरासरी ४६ टक्के बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आलं असतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडं येते. ‘बदलत नसेल तर आधारही खोटाच’ हे काही मला पटत नाही. मनाचा परिणाम होतो हो, ठिकठिकाणी होतो, पण स्वतःच्या शरीरामार्फत. परीक्षेच्या विचारानं हात गार पडतात. चिंच आठवली की तोंडाला पाणी सुटतं. मात्र त्याची हद्द कुठं संपते ते दाखवणारा एक अभ्यास माझ्या फार आवडीचा आहे, आणि माग असलेल्या घरानं तर तो ऐकायलाच हवा. २०११ मध्ये अमेरिकेत दम्याच्या ३९ रुग्णांना आळीपाळीनं खरा पंप, नुसता खोटा पंप, खोटं ॲक्युपंक्चर असं दिलं, आणि कधी काहीच दिलं नाही. किती बरं वाटलं असं विचारल्यावर खऱ्या पंपाला ५० टक्के आणि खोट्याला ४५ टक्के सुधारणा सांगितली गेली. काहीच न करता २१. म्हणजे विश्वासानं वाटणं खरोखर बदललं. पण फुंकर मोजली तेव्हा खऱ्या पंपानं फुप्फुसांची क्षमता २० टक्क्यांनी वाढली होती. खोट्यानं ७, आणि काहीच न करताही ७. मनानं धाप लागल्याची भावना कमी केली, आवळलेली श्वासनळी नाही उघडली. कापसाच्या धुळीत आयुष्य घालवणाऱ्या आपल्या माणसांनी कोणत्या आकड्यावर विसंबायचं ते वेगळं सांगायला नको.

प्रार्थनेचंही विचारलंत. त्यावरचा मोठा अभ्यास २००६ चा, बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली त्यांच्यात ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी केली नाही त्यांच्यात ५१ टक्क्यांना. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं त्यांच्यात ५९. यावरून देवाला हात जोडू नयेत असं मी मुळीच म्हणणार नाही. सिद्धेश्वराला जाणारी माणसं काही दरवेळी सौदा करायला जात नाहीत. इतकंच की मामांसाठी कुणाची प्रार्थना कमी पडली असंही नाही.

आता जे मला पत्र वाचताना पहिल्याच पानावर जाणवलं ते. तुम्ही लिहिलंय, मामा पाचव्या पायरीला थांबायचे, जानेवारीत त्यांना घाम फुटायचा, डावा खांदा चोळत बसायचे. मग तुम्ही ते वाक्य बोललात. ताई, हा शाप नव्हता, निरीक्षण होतं. घरातल्या पाच माणसांत तुमचं लक्ष होतं. आजार आधी आला, तो तुम्हाला दिसला, म्हणून वाक्य आलं. तुम्ही क्रम उलटा धरून बसलात : वाक्य आधी, आजार मागून. टेबलाभोवती बसलेल्या लोकांसारखं. पायरी, घाम, खांदा हे सगळं तुमच्या वाक्याच्या अलीकडचं आहे.

लगेच दुसरा काटा रुतेल : मग मी त्यांना ओढून का नेलं नाही? तो रुतू देऊ नका. साठीतला कर्ता पुरुष, सुनेनं दंडाला धरून दवाखान्यात नेण्याजोगा नसतो हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही बोललात, एवढं तरी केलंत. नेलं असतं तर वाचले असते का, हे मला माहीत नाही, आणि कुणीच सांगू शकणार नाही.

आत्यांबद्दल मी अंदाजच करू शकते. पण चाळीस वर्षं ज्या माणसाशेजारी झोपल्या त्याचा घाम त्यांनीही पाहिला असणार. ‘मला कळायला हवं होतं’ हे गिळण्यापेक्षा ‘हिच्या जिभेनं झालं’ हे म्हणणं सोपं जातं. तेराव्याला माणसं बोलतात ते पुष्कळदा दुसऱ्याशी बोलतच नसतात. म्हणून हे माझं उत्तर त्यांच्यापुढं वाचून ‘बघा, मी निर्दोष’ असं मात्र करू नका. नव्या आरोपीची या घराला गरज नाही.

‘कॅन्सल, कॅन्सल’ची मला जास्त काळजी वाटते. वाईट विचार येणं हा दोष नाही. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं आपण उगाच म्हणत नाही. रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये साध्या, निरोगी माणसांना विचारलं तेव्हा दहातल्या आठांनी असे नको ते विचार येतात असं सांगितलं होतं. कुणाला ढकलून द्यावंसं वाटणं, जवळच्याचा अपघात डोळ्यांपुढं येणं, तसलेच. बहुतेक जण ‘काय हे भलतंच’ म्हणून पुढं जातात. जो त्या विचाराला घटनेइतकं वजन देतो तो अडकतो, आणि दर ‘कॅन्सल’नं मनाला शिकवत राहतो की विचार खरंच घातक होता. आठ दिवस एवढंच करून बघा : विचार आला की ‘कॅन्सल’ न म्हणता वहीत तारीख आणि विचार लिहा. महिनाअखेरीला शेजारी लिहा, झालं की नाही. कोरड्या बोअरची पण नोंद हवी, म्हणून ही वही. ‘कॅन्सल’ रोखताना छाती धडधडत असेल, किंवा त्यात दिवसाचा तासभर जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. यावर चांगले उपचार आहेत. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. असा मंत्र जपणाऱ्या इतरही वाचकांना हेच सांगेन.

३८,००० रुपये भरू नका. पहिल्या लेव्हलनं तुम्हाला काय दिलं ते तुमच्याच पत्रात आहे : सकाळचा अर्धा तास एकटीचा, आणि ग्रुपवरच्या चार बायका ज्यांच्याशी मोकळं बोलता आलं. तो आधार खोटा नव्हता. फक्त तो सरांच्या क्वांटमचा नव्हता, म्हणून त्याला लेव्हल दोन लागत नाही. तोच अर्धा तास तळ्याकाठी चालायला द्या, आणि त्यातली एखादी बाई गावातली असेल तर तिला सोबत घ्या. मिस्टरांना ऑर्डरी ‘व्हिज्युअलाइज’ करायला लावताय, तर १९९९ चा एक अभ्यास सांगते. कॅलिफोर्नियातल्या काही विद्यार्थ्यांनी परीक्षेआधी रोज चांगले गुण पडल्याचं चित्र मनात आणलं, काहींनी आपण कधी, कुठं, कसे अभ्यासाला बसतो त्याचं. दुसऱ्यांचे गुण चढले. तेव्हा डोळे मिटायचेच असतील तर उद्या कोणत्या तीन व्यापाऱ्यांना फोन करायचा ते मिटल्या डोळ्यांनी बघू देत.

राहिल्या आत्या. मामांना तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, पण त्यात ‘नाहीतर’ होतं, आणि ‘नाहीतर’ला आपल्याकडं कुणी दवाखान्यात जात नाही. आत्यांना ‘नाहीतर’ नको, वेळ सांगा. “आत्या, तुमचे पाय सुजतात, मी बघतेय. साडेसहाला डॉक्टरांची वेळ घेतलीय, मी येते तुमच्याबरोबर.” त्या ‘मला काय धाड भरलीय’ म्हणतील. म्हणू देत. रिक्षा दारात आलेली असली की म्हणत म्हणतच बसतात. दोन उशांचं डॉक्टरांना आठवणीनं सांगा, त्या स्वतः सांगणार नाहीत. आणि निघताना दारातून लेकीला ‘येतो गं’ म्हणा.

बीपी किती निघाला ते मला कळवा.